खंडेनवमीची विश्रांती

आमच्या निफाडच्या घरी मोरीच्या दाराला आतून कडी होती. ती सगळ्यांनी लावायची, फक्त माझ्या धाकट्या बहिणीने लावायची नाही, असा नियम होता.

सातवीत असताना तिला पहिली फिट आली ती शाळेच्या प्रार्थनेला. दुसरी मोरीत आली. वडिलांनी खांद्याने दार मोडलं तेव्हा ती ओल्या फरशीवर पडली होती, कपाळाला खोक पडली होती आणि नळाखाली बादली भरून वाहत होती. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. त्या दिवसापासून आईने ठरवलं की हिने दार नुसतं लोटायचं आणि बाहेर कुणीतरी पाट टाकून बसायचं. पुढे आई गेली, नियम राहिला. बहीण तिशीच्या जवळ आली तरी ती अंघोळीला गेली की बाहेर कुणी ना कुणी असायचंच. मी, वडील, नाहीतर शेजारच्या काकू. आतला पाण्याचा आवाज थांबला की आम्ही हाक मारायचो आणि तिने 'हो' म्हटलं की आमचा जीव भांड्यात पडायचा.

तिला फार काही नको होतं. लग्नाचा विषय तिने स्वतःच मिटवला होता. विहिरीकडे जाऊ देत नाहीत, गॅसपाशी एकटीला उभं राहू देत नाहीत, याबद्दलही ती कधी कुरकुरली नाही. पण लोक जसं एकदा काशीला जाऊन यायचंय म्हणतात, तशी ती म्हणायची, "ताई, मला एकदा कडी लावून न्हायचंय."

मी तोवर नाशिकला एका धर्मादाय रुग्णालयात नोकरीला लागले होते. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि मी दर वेळी चिडून सांगायचे की मी डॉक्टर नाही, भौतिकशास्त्राची बाई आहे. मी माणसं तपासत नाही, माणसं तपासणारी यंत्रं तपासते. हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही. काम मात्र माझ्या स्वभावाला शोभणारं होतं. मी लहानपणापासून संशयी. दुधात बोट घालून बघणार, दुकानदाराच्या तराजूचा काटा आधी रिकामा बघणार. घरी मला तपासनीस म्हणायचे. बहीण म्हणायची, "देव प्रसन्न झाला तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागंल."

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर आमच्या रुग्णालयाला परदेशातून एक वापरलेलं यंत्र दान मिळालं. पेट स्कॅनर, आणि तोही फक्त मेंदूचा. मधलं भोक एवढं लहान की माणसाचं डोकंच आत जावं. ते कंटेनरमधून बंदरावर आलं, तिथून ट्रेलरवर कसारा घाट चढून नाशिकला. फाटकाशी जमलेल्या लोकांना ते काही पटलं नाही. एवढं मोठं धूड आणि त्यात नुसतं डोकं मावतं, मग बाकीच्या माणसाचं काय करायचं, असं आमचा वॉचमन म्हणाला.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. मेंदू साखरेवर चालतो. किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर शिरेतून दिली की मेंदू ती खातो, आणि जिथे जास्त खातो तिथे चित्रात उजळ दिसतं, कमी खातो तिथे फिकट. फिटच्या रोग्यात जी जागा बिघडलेली असते, ती एरवी अर्धपोटी असते. ती फिकट दिसते. एमआरआयला जे दिसत नाही ते कधी कधी इथे सापडतं.

माझ्या बहिणीच्या एमआरआयमध्ये काहीच दिसलं नव्हतं. पण तिची फिट सुरू व्हायची ती उजव्या हातापासून. आधी बोटं आखडायची, मग कोपर, मग सगळं अंग. आमच्या रुग्णालयाचे मेंदूचे डॉक्टर म्हणायचे की बिघाड डाव्या बाजूला असणार. नेमकी जागा दिसली तर मुंबईचे सर्जन तेवढाच तुकडा काढतील आणि फिट कदाचित कायमची थांबेल. गोळ्या सगळ्या करून झाल्या होत्या. म्हणून ते यंत्र घाट चढून आलं तेव्हा मी एकटीच अशी होते जिला त्यात आपल्या मोरीची कडी दिसत होती.

पण यंत्र आलं म्हणजे लगेच रोगी झोपवायचे नसतात. आधी ते खरं बोलतं का, हे बघावं लागतं. कितपत बारीक दिसतं, कडेला आणि मध्ये सारखंच दिसतं का, जिथे काही नाही तिथे उगाच काही दाखवतं का. त्यासाठी आमच्याकडे प्लास्टिकचं एक जाड गोल भांडं होतं. त्यात पाणी भरायचं, ती किरणोत्सर्गी साखर मिसळायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि डोक्याच्या जागी ते ठेवायचं. त्याला इंग्रजी नाव आहे, पण आम्ही बरणी म्हणायचो. बरणीत सगळीकडे सारखंच पाणी, त्यामुळे चित्रही सगळीकडे सारखंच यायला हवं. नाही आलं तर खोट यंत्रात.

औषध मुंबईहून मोटारीने यायचं आणि वाटेतच विरत जायचं. दोन तासांच्या आत निम्मं, पुढच्या तेवढ्याच वेळात त्याचंही निम्मं. घाटात ट्रक आडवा झाला की आमच्या हातात शिशाचा जड डबा यायचा आणि आत जवळजवळ काहीच नसायचं. पावसाळाभर आम्ही हे करत होतो. माझ्यासोबत एक तंत्रज्ञ होते, चांदवडकडचे, एक्स-रे विभागात केस पांढरे झालेले, हाताचे फार स्वच्छ. बहीण मला भेटायला आली की त्यांच्याशी गप्पा मारत बसायची आणि त्यांना काका म्हणायची.

"ताई, झाली का गं तुझी बरणी?" ती दर वेळी विचारायची.

"नाही अजून."

"लोणचं तरी लवकर मुरतं," ती म्हणायची.

नवरात्राच्या आधी सगळ्या चाचण्या मनासारख्या झाल्या. बरणी एकसारखी दिसू लागली. आता ज्यांचा आजार आधीच ठाऊक आहे अशा थोड्या रोग्यांवर यंत्र पारखायचं होतं, आणि त्यात डॉक्टरांनी पहिलं नाव माझ्या बहिणीचं घातलं. दसऱ्यानंतरची वेळ ठरली. मी सुट्टी घेऊन निफाडला गेले.

खंडेनवमीला वडिलांनी नेहमीप्रमाणे ट्रॅक्टर धुतला. फवारणीचा ब्लोअर, छाटणीच्या कात्र्या, पाण्याची मोटर, सगळ्याला हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. ट्रॅक्टरची किल्ली काढून त्यांनी देवघरात ठेवली. बागेत छाटणीची घाई होती, मजूर येऊन बसले होते, पण त्या दिवशी कात्रीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विश्रांती. मला हा सण सगळ्या सणांत आवडतो, कारण यात माणूस कुणाकडे काही मागत नाही. मी ट्रॅक्टरच्या चाकाला नमस्कार केला आणि बहिणीसाठी मात्र मागून घेतलं.

ठरल्या दिवशी तिला घेऊन मी नाशिकला आले. सख्ख्या नात्यातल्या रोग्याच्या तपासणीत आपण हात घालू नये म्हणून मी यंत्राच्या खोलीत गेलेच नाही. बाहेर बाकावर बसले. औषधाची गाडी उशिरा आली. रोज सकाळी आधी बरणी, मगच माणूस, असा आमचा नियम होता. पण औषध विरत चाललं होतं आणि डॉक्टर म्हणाले, "सणाआधी सगळं पास झालंय, आता पेशंट घ्या." हे मला नंतर कळलं.

दुपारी डॉक्टर स्वतः बाहेर आले. असे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सापडलं," ते म्हणाले. "डाव्या बाजूला. अगदी जिथे असायला हवं तिथेच."

पडद्यावर माझ्या बहिणीचा मेंदू होता, दिव्यासारखा उजळ, आणि डावीकडे कानाच्या वर एक फिकट पट्टा. बहीण माझ्या खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हे होय," ती म्हणाली. "एवढुसं? एवढ्याशानं मला इतकी वर्षं नाचवलं?"

मी रडले. डॉक्टरांसमोर, काकांसमोर, उभ्याउभ्या रडले. त्या क्षणी मला कसलीही शंका आली नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही निफाडला परतलो. बहिणीने टॉवेल घेतला, मोरीत गेली आणि कडी लावली. वडील आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. पी हळद अन् हो गोरी, असं काहीतरी मी पुटपुटले, कारण अजून ऑपरेशन व्हायचं होतं, फिट कुठेही गेलेली नव्हती. पण तिला हाक मारायचा धीर आम्हाला झाला नाही. आत ती गुणगुणत होती. बाहेर आली तेव्हा ओल्या केसांनी सरळ देवघरात गेली आणि दिवा लावला.

डॉक्टरांनी मुंबईच्या सर्जनशी बोलणं सुरू केलं. वडिलांनी छाटणी उरकायची घाई केली, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी बागेकडे बघावं लागू नये. मी मात्र नाशिकला येऊन माझा अहवाल पुरा करायला बसले. या यंत्राने पहिल्या रोग्यावर कसं काम केलं, ते लिहायचं होतं. बहिणीची चित्रं एकेक करून पुन्हा लावली, आणि या वेळी रडायला आलं नाही, म्हणून नीट दिसलं.

त्या फिकट पट्ट्याची कड सरळ होती.

मेंदूत सरळ रेषा नसते. वळ्या असतात, घड्या असतात. आजारसुद्धा त्या घड्यांच्या कडेकडेने जातो. हा पट्टा घड्या ओलांडून तिरका, सुतात धरल्यासारखा गेला होता. मी उठून यंत्राच्या खोलीत गेले. सगळे दिवे हिरवे होते, पंखे घरघरत होते. मागच्या बाजूला वायरींच्या बुडाशी झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या पडल्या होत्या.

काका बाहेर चहा घेत होते. मी विचारलं, "खंडेनवमीला यंत्राची पूजा केलीत?"

"केली की. साग्रसंगीत केली, मॅडम."

"बंद केलं होतं?"

ते माझ्याकडे नवलाने बघू लागले. "खंडेनवमीला हत्यार चालू ठेवत्यात का कुठं? वॉर्डातली मशिनं नाय बंद केली, त्यांच्यावर माणसं जगत्यात. पण ह्याला अजून पेशंट लागायचा होता. म्हटलं, एवढ्या लांबून आलंय, घेऊ दे एक दिवस. मेन स्विच बंद केला आणि खोलीची किल्ली देवाच्या फोटोपुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून चालू केलं. सगळे दिवे हिरवे आले."

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. मीही त्याच दिवशी ट्रॅक्टरला हात जोडत होते. पण त्या यंत्राच्या कड्यात शेकडो बारीक डोळे असतात आणि प्रत्येकाची नजर आपण एका ठरावीक तापमानाला, सतत चालू असलेल्या विजेवर जुळवून घेतलेली असते. ते गार पडून पुन्हा सुरू झालं की सगळे डोळे पहिल्यासारखे उघडतीलच असं नाही. एखादा गट मंद राहतो, आणि जिथे तो बघतो तिथे चित्र फिकट येतं. दिव्यांना त्यातलं काही कळत नाही. पुन्हा सगळी जुळवणी करावी लागते, आणि ती कुणी केलेली नव्हती.

मी डॉक्टरांकडे गेले. ते आधी ऐकून घेईनात.

"उजवा हात आखडतो, डाव्या मेंदूत जागा दिसते. सगळं जुळतंय. तुम्हाला अजून काय हवं?"

"जुळतंय म्हणूनच भीती वाटते."

"तुम्ही बहीण म्हणून बोलताय की तपासनीस म्हणून?"

खरं तर मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बरणी ठेवून बघू. तसंच्या तसं, काही न जुळवता. बरणीत पट्टा नाही दिसला तर मी गप्प बसते. पण दिसला तर मानाल ना? पाण्याला फिट येत नाही, डॉक्टर."

पुढचं औषध येईपर्यंत मी घरी काही बोलले नाही. यंत्र तपासायला मी आयुष्यात कितीदा उभी राहिले असेन, पण उत्तर आपल्याला हवं तेच यावं असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. बरणी आत सरकली आणि मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, स्वच्छ ये, बाई, एकदा स्वच्छ ये, मला खोटी पाड. चित्र हळूहळू भरत गेलं. डावीकडे, त्याच जागी, त्याच तिरक्या सरळ रेषेत पाणी फिकट झालं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मुंबईला फोन करून सर्जनना थांबायला सांगितलं. काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी काही बोललं नाही, तेच त्यांना जास्त लागलं असणार.

वडिलांना सांगायला मी बागेत गेले. ते काडी हातात धरून डोळे मोजत होते. द्राक्षाच्या काडीवरच्या कोंबाला आमच्याकडे डोळा म्हणतात, आणि कुठल्या डोळ्यावर कापायचं यावर पुढचं पीक ठरतं. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "चुकीच्या डोळ्यावर कात्री लागली तर माझं एक वर्ष जातं. हिचं तर डोकं हाय. परत बघा. नीट बघा." आणि तोंड फिरवून ते पुन्हा छाटायला लागले.

यंत्र पूर्ण तापू दिलं, सगळी जुळवणी नव्याने केली, बरणी एकसारखी आली. मग बहिणीला पुन्हा आणलं. पट्टा यंत्राचा होता म्हणजे खाली खरी जागा नसेलच असं नाही, ही एक आशा शिल्लक होती. मी तिला तेवढंच सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "आधी तुझ्या मशिनचं डोकं तपास, मग माझं."

या वेळी मी आत थांबले. चित्र फार सुंदर आलं. त्या यंत्रावर तितकं स्वच्छ चित्र आम्ही तोवर घेतलं नव्हतं. प्रत्येक वळी वेगळी दिसत होती, डावी आणि उजवी बाजू जुळ्या बहिणींसारखी सारखी. कुठेही फिकट जागा नव्हती. म्हणजे कापायलाही जागा नव्हती.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. आणखी तपासण्या निघतील, नवी औषधं येतील, असंही म्हणाले. ती मान हलवत राहिली. बाहेर पडताना काका दाराशी उभे होते, हात जोडून.

"काका, तुमचं काय चुकलं?" ती म्हणाली. "आमच्या ट्रॅक्टरची किल्ली पण देवापुढंच होती."

घरी येईपर्यंत ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. एकदाच बोलली.

"म्हणजे मशिन पास झालं."

"हो."

"आणि मी नापास."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी खरं तेच केलं होतं, आणि खरं करून इतकं वाईट वाटतं हे मला कुठल्या शिक्षणात सांगितलं नव्हतं.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वडिलांना मी फोनवर कळवलं होतंच. ते मोरीच्या दाराशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले होते. कडीचा एक स्क्रू निघाला होता, दुसरा गंजलेला होता, निघत नव्हता. आम्हाला बघून ते ओशाळले.

बहिणीने ते बघितलं. टॉवेल घेतला, वडिलांच्या बाजूने आत गेली आणि दार लावलं. एका स्क्रूवर लोंबणारी ती कडी आतून सरकल्याचा आवाज आला.

वडील उठायला लागले. मी त्यांचा हात धरला. ते खाली बसले, मी कोपऱ्यातला पाट ओढला आणि त्यांच्याशेजारी बसले. आत बादलीत पाणी पडत होतं. मग नळ बंद झाला आणि काहीच ऐकू येईना. मी तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. वडिलांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

"ताई," आतून ती म्हणाली, "बाहेर बसलीस ना?"

"हो गं."

"बस मग," ती म्हणाली, आणि पहिला तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला.